संकीर्ण : सामाजिक संशोधन आणि ग्रंथपालाची निवड



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी मला आठवीत मराठी शिकवले. त्यांना आपण सारे नुसते ‘सर’ म्हणत असू. आजही मी तसेच म्हणणार आहे. शाळेत त्या काळी ग्रंथपालाचे स्वतंत्र पद नव्हते. शिकवण्याचे तास संपले की उरलेल्या वेळात सर ग्रंथालय उघडीत. खिडकीकडच्या भिंतीला पाच कपाटे होती. कादंबरी, चरित्र, काव्य-नाटक, शास्त्र अशा चार चिठ्ठ्या पहिल्या चार कपाटांवर होत्या. पाचव्यावर सरांच्या वळणदार अक्षरात एकच शब्द होता : ‘संकीर्ण’.

त्या कपाटाला आम्हां मुलांचा हात कधी लागला नाही, आणि लागावा असे त्यात काही नव्हतेही. पतपेढ्यांचे ताळेबंद, ज्ञातिमंडळांच्या घटना, गणेशोत्सवाचे अहवाल, व्यायामशाळेच्या स्मरणिका, कोणा वाचनालयाच्या रौप्यमहोत्सवाची पुस्तिका असला माल. शाळेचे सभागृह या संस्था वापरीत, आणि जाताना अहवालाची एक प्रत शाळेला देऊन जात. इतर कोणी ती घरी नेऊन पस्तीत घातली असती. (आपण बडोदेकर ‘पस्ती’ म्हणतो, पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी ‘रद्दी’ असे समजून घ्यावे.) सर मात्र त्या प्रतीवर तारीख घालीत, दाखलनोंदवहीत क्रमांक देत, आणि दोन-तीन वर्षांच्या प्रती जमल्या की दोऱ्याने शिवून पुठ्ठा लावीत. शाळेचा शिपाई एकदा त्यांना म्हणाला होता, ‘सर, हे वाचतं कोण?’ सर काय म्हणाले ते आठवत नाही. बहुधा काहीच म्हणाले नसतील.

आज बोलायचे आहे ते त्या पाचव्या कपाटाविषयी. विषयपत्रिकेत ‘विद्यापीठीय संशोधन आणि ग्रंथालय’ असे भारदस्त नाव छापले आहे. मी समाजशास्त्रज्ञ नव्हे, ग्रंथालयशास्त्राची पदवीही माझ्याजवळ नाही. मराठी साहित्य शिकवण्यात आयुष्य गेले. पण समाजाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांशी आणि त्यांना पुस्तके काढून देणाऱ्या ग्रंथपालांशी माझा संबंध पुष्कळ आला. शिवाय या विषयात माझ्या हातून एक चूक घडली आहे, ती सांगायला यापेक्षा योग्य जागा मला मिळणार नाही. तिच्याकडे मी येईनच.

आपल्या शहराला ग्रंथालयांचे कौतुक सांगण्याची गरज नाही. तरी येथल्या तरुण मंडळींसाठी थोडे सांगतो. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्याच वर्षी ते अमेरिकेस गेले आणि तेथील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली. वाचायला शिकलेल्या माणसाच्या हाती पुढे वाचायला काही पडले नाही तर तो शिकलेले विसरतो, हे त्यांच्या ध्यानात आले होते. १९१० साली त्यांनी विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास बोलावले. महाराजांच्या खाजगी संग्रहातील ग्रंथांवर सेंट्रल लायब्ररी उभी राहिली. १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी शिक्षणवर्ग सुरू झाला. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचे नियतकालिक निघू लागले; त्यात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी विभागही असत. गावाने वाचनालयासाठी एक हिस्सा रक्कम उभी केली की तेवढाच हिस्सा प्रांतपंचायतीने आणि तेवढाच सरकारने द्यावा, असा नियम होता. जेथे वाचनालय नव्हते तेथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या पाठवल्या जात. या कामात गुजराती समाजातून मोतीभाई अमीन यांच्यासारखा माणूस आधीपासून उभा होता, हेही विसरून चालणार नाही. बोर्डन १९१३ साली परत गेले. न्यूटन मोहन दत्त यांनी पुढे हे काम सांभाळले आणि १९२८ साली त्यावर इंग्रजीत पुस्तकही लिहिले.

हे सारे लोकशिक्षणासाठी झाले. विद्यापीठ येथे १९४९ साली आले. हंसाबेन मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू, आणि विद्यापीठाचे मोठे ग्रंथालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. मला ज्याकडे लक्ष वेधायचे आहे ती गोष्ट या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे. बडोदे सरकार केवळ पुस्तके वाटत नव्हते; ते स्वतः कागद फार मोठ्या प्रमाणावर निर्माण करीत होते. खानेसुमारीचे स्वतंत्र खंड, वार्षिक कारभाराचे अहवाल, निरनिराळ्या समित्यांचे अहवाल. १९११ चा खानेसुमारी अहवाल गोविंदभाई देसाई यांचा, १९२१ आणि १९३१ चे सत्यव्रत मुखर्जी यांचे. ही ‘पुस्तके’ म्हणून कोणी लिहिली नव्हती आणि कोणी विकतही घेत नव्हते. तरीही समाजशास्त्राचा कच्चा माल तोच.

एक उदाहरण देतो, आणि ते देताना बडोदेकर म्हणून मान खाली जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे राज्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले. १९१७ मध्ये ते करारानुसार येथे नोकरीस आले, तेव्हा या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी वसतिगृहातून त्यांना बाहेर काढण्यात आले, आणि नोकरी सोडून ते मुंबईस परतले. हा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. त्यानंतर थोड्याच काळाने, १९१८ साली, भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यांवरील उपाय या विषयावर त्यांचा इंग्रजी निबंध प्रसिद्ध झाला. तो जरूर वाचा. जमिनीचे तुकडे एकत्र करण्याच्या प्रश्नावर बडोदे सरकारने समिती नेमली होती. तिच्या अहवालाची बाबासाहेबांनी त्या निबंधात बारकाईने चिकित्सा केली आहे. तुकडे जोडल्याने प्रश्न सुटत नाही, लहान-मोठे शेत हे नुसत्या क्षेत्रफळावर ठरत नाही, त्यात भांडवल आणि साधने किती हे पाहावे लागते, आणि शेतीवरचा भार उद्योगांनी हलका केल्याविना उपाय नाही, असा त्यांचा रोख आहे. ज्या शहराने त्यांना छप्पर दिले नाही त्या शहराच्या सरकारचा एक रूक्ष अहवाल त्यांनी हाती घेतला आणि त्यातून अर्थशास्त्राचा एक मूलगामी विचार मांडला. तो अहवाल कोणी छापला, कोणी जपला, कोणी कोणाच्या हाती दिला याचा विचार आपण करीत नाही. निबंधाच्या मागे अहवाल असतो आणि अहवालाच्या मागे कपाट असते.

दुसरे उदाहरण आपल्याच विद्यापीठातले. १९५१ साली येथे समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि त्याची धुरा एम. एन. श्रीनिवास यांनी घेतली. १९५९ साली ते दिल्लीस गेले. पण त्या आठ वर्षांत येथे एक परंपरा रुजली. आपल्याकडे तोवर समाजाविषयी बोलणे म्हणजे धर्मग्रंथांतून बोलणे असा समज होता. श्रीनिवासांनी विद्यार्थ्यांना गावात पाठवले. ग्रंथांत समाज कसा दिसतो आणि शेतात-अंगणात कसा दिसतो यांतला फरक त्यांनी दाखवला. ‘प्रभावी जात’ ही संकल्पना याच वर्षांत त्यांच्या लेखनात आकाराला आली. आय. पी. देसाई त्यांचे येथले सहकारी.

या परंपरेतले ए. एम. शाह यांचे काम मला विशेष आवडते, कारण त्यात गाव आणि दप्तर दोन्ही आहेत. पन्नाशीच्या दशकात त्यांनी खेडा जिल्ह्यातील एका गावी राहून घरटी पाहणी केली. त्याच गावाची १८२५ च्या सुमारास कंपनी सरकारच्या महसुली पाहणीत तयार झालेली कागदपत्रे त्यांच्या हाती आली. त्यांत घरे होती, घरातली माणसे होती. सव्वाशे-दीडशे वर्षांच्या अंतराने एकाच गावाची दोन चित्रे शेजारी ठेवता आली. आणि काय दिसले? आपण सारे सभासंमेलनांत, लग्नाच्या पंगतीत, वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत जे छातीठोकपणे सांगतो की पूर्वी सगळीकडे मोठी एकत्र कुटुंबे होती आणि आधुनिक काळाने ती मोडली, ते जसेच्या तसे टिकत नाही. त्या जुन्या गावातही लहान कुटुंबे पुष्कळ होती. १९७३ साली त्यांचे ‘द हाउसहोल्ड डायमेन्शन ऑफ द फॅमिली इन इंडिया’ हे पुस्तक आले. एका कारकुनाने बोरूने लिहिलेला कागद दीडशे वर्षे टिकला आणि त्याने आपल्या एका लाडक्या समजुतीला छेद दिला. तो कागद ‘कोणी मागत नाही’ म्हणून मध्ये कधी विकला गेला असता तर आपण आजही त्याच समजुतीवर प्रबंध लिहीत बसलो असतो. अजूनही काही जण लिहितात, तो भाग वेगळा.

शाह आणि त्यांचे सहकारी आर. जी. श्रॉफ यांनी गुजरातेतील वहीवंचा बारोटांचाही अभ्यास केला. यजमानांच्या वंशावळीच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या बाळगणारी ही जात. वही वाचतो तो वहीवंचा. आपल्याकडे एक अख्खी जात दप्तरदार आणि ग्रंथपाल होती, असे मी विनोदाने म्हणतो; पण तो निव्वळ विनोद नाही.

श्रीनिवासांच्या चरित्रातील एक दुर्घटना आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. म्हैसूरकडील एका गावात १९४८ साली त्यांनी क्षेत्रकार्य केले होते. पुढे ते अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे लेखन करीत असताना १९७० च्या एप्रिलमध्ये तेथे कोणी आग लावली आणि त्यांनी वर्षानुवर्षे खपून तयार केलेल्या संस्कारित टिपणांच्या तीनही प्रती जळाल्या. त्यांनी मग बव्हंशी आठवणीच्या बळावर पुस्तक लिहिले. ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ हे १९७६ चे पुस्तक त्यातून आले आणि ते अभिजात ठरले. ही कथा आपण स्मरणशक्तीचा विजय म्हणून सांगतो. मला त्यात दुसरे काही दिसते. श्रीनिवासांना ते गाव आठवले. सर्वसाधारण संशोधकाला आठवणार नाही. आणि सर्वसाधारण संशोधकाच्या टिपणांचे काय होते? पदवी मिळाली, नोकरी लागली, घर बदलले, की भरलेल्या प्रश्नावल्या, मुलाखतींच्या वह्या, आता ध्वनिफितीसुद्धा, सगळे बाहेर. त्यासाठी कोणी आग लावावी लागत नाही. प्रबंधाची बांधीव प्रत विद्यापीठ जपते आणि तो ज्यावर उभा आहे तो पाया पस्तीत जातो. वीस वर्षांनी दुसऱ्या कोणाला त्याच वस्तीत पुन्हा जायचे असेल तर त्याने कशाशी तुलना करावी?

आता ग्रंथपालाकडे वळतो. एस. आर. रंगनाथन हे मुळात गणिताचे अध्यापक. १९२४ च्या जानेवारीत ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि प्रारंभी त्या नोकरीत त्यांचे मन रमेना. अध्यापनाकडे परत जावे असे त्यांना वाटू लागले होते. पुढे लंडनला जाऊन आल्यावर ते या विद्येचे झाले. ग्रंथालयशास्त्राची त्यांची पाच सूत्रे १९३१ सालची आणि द्विबिंदू वर्गीकरण १९३३ सालचे. लंडनमधल्या दुकानात मुलांचे जोडकामाचे खेळणे पाहून त्यांना ते वर्गीकरण सुचले ही गोष्ट प्रसिद्ध आहे : ठरावीक पट्ट्या आणि खिळे, पण जोडणी हवी तशी. ग्रंथ उपयोगासाठी आहेत आणि वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, हा त्यांचा आग्रह सर्वांना पाठ असतो. आपले ग्रंथपाल तो भिंतीवर टांगतातही. पण वर्गीकरण ही केवळ पुस्तक लावण्याची सोय आहे असे मानण्याची चूक मीही बरीच वर्षे केली.

पुस्तक कोठे ठेवायचे हे ठरवणे म्हणजे ते कोणाला सापडावे हे ठरवणे होय. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ सालचा. महसूल खात्यात काम केलेल्या माणसाने गावाची रचना, वतने, बलुते, फिरस्ते, कर्ज यांचा केलेला हा अभ्यास. विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग नसताना मराठीत झालेले हे समाजशास्त्र आहे. एका ग्रंथालयात मी तो मराठी साहित्याच्या कपाटात, ८९१.४६ या क्रमांकाखाली, ललित निबंधांच्या शेजारी पाहिला. का? तर तो मराठीत आहे म्हणून! इंग्रजीत असता तर तो तीनशेच्या रांगेत, सामाजिक शास्त्रांत गेला असता. परिणाम असा की ग्रामरचनेवर प्रबंध लिहिणारा विद्यार्थी तीनशेची रांग चाळून परत जातो, आणि त्याच्या संदर्भसूचीत ‘गावगाडा’ नसतो. नारायण गोविंद चापेकर यांचे ‘आमचा गाव : बदलापूर’ १९३३ मध्ये आले. दुसऱ्याच वर्षी, १९३४ साली, आपल्या बडोद्यात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. एका गावाची घरे, धंदे, चालीरीती, आहार, खर्च यांची नोंद करणारा माणूस साहित्यिकांच्या मेळाव्याच्या अध्यक्षस्थानी बसला, ही आपल्या परंपरेची रुंदी होती. पुढे आम्हीच, म्हणजे मराठीच्या प्राध्यापकांनीच, ती अरुंद केली. जे ललित नाही ते आमचे नाही असे आम्ही ठरवले, आणि समाजशास्त्रज्ञांनी जे इंग्रजीत नाही ते आमचे नाही असे ठरवले. मधल्या मध्ये मराठी अहवालाला वाली उरला नाही.

ग्रंथपालाचे ज्ञान कोणत्या प्रकारचे असते याचाही एक दाखला देतो. १९३१ च्या खानेसुमारीतील बडोद्याचे आकडे हवे असलेला विद्यार्थी सरळ मुंबई इलाख्याचा खंड काढतो, कारण त्याच्या डोक्यात आजचा नकाशा असतो, फार तर १९६० च्या आधीच्या मुंबई राज्याचा. बडोदे १९४९ च्या मे महिन्यात मुंबई राज्यात विलीन झाले. १९३१ साली ते स्वतंत्र संस्थान होते, त्याचा खंड वेगळा. मुंबईच्या खंडात ते सापडायचे नाही. हे प्राध्यापकाला ठाऊक असेलच असे नाही. चांगल्या ग्रंथपालाला ठाऊक असते. तो एक वाक्य बोलतो आणि विद्यार्थ्याचा महिना वाचतो. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मार्गदर्शकांना एक परिच्छेद, पत्नीला किंवा पतीला एक, आणि ‘ग्रंथालयातील कर्मचारीवर्ग’ म्हणून शेवटी अर्धी ओळ असते. माझ्या प्रबंधातही तेवढीच आहे.

पुण्याच्या गोखले संस्थेत हे वेगळ्या रीतीने घडले. १९३० साली संस्था निघाली तेव्हापासून भारत सेवक समाजाचा ग्रंथसंग्रह तिच्याजवळ होता. धनंजयराव गाडगीळ पुण्याच्या फळबाजारावर, मोटारबस वाहतुकीवर, पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवर पाहण्या करीत होते. बस आणि फळे हे विद्वत्तेचे विषय आहेत हे तेव्हा अनेकांना पटत नसणार. पण तेथे संशोधकाची पाहणी आणि ग्रंथालयाचा संग्रह एकमेकांना धरून वाढले. हेच गाडगीळ १९६९ साली स्थापन झालेल्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे पहिले अध्यक्ष झाले, आणि परिषदेने अगदी सुरुवातीलाच सामाजिक शास्त्रांसाठी प्रलेखन केंद्र काढले, हा मला योगायोग वाटत नाही.

आता माझी चूक.

१९८७ साल. मी एका महाविद्यालयात होतो. ते कोणते हे सांगण्याचे कारण नाही. ग्रंथालयात जागा उरली नव्हती, नवी पुस्तके जमिनीवर रचली जात होती. निर्लेखनासाठी तिघांची समिती नेमली गेली. निर्लेखन म्हणजे दाखल पुस्तके रीतसर बाद करणे. गेल्या दहा वर्षांत ज्याच्या चिठ्ठीवर एकही तारीख पडली नाही ते बाद, असा निकष ठरला. मराठीची दोन कपाटे माझ्या वाट्याला आली. त्यांत जुन्या कादंबऱ्या होत्या, त्या मी हट्टाने वाचवल्या. आजही त्यांतल्या बऱ्याच कोणी उघडत नसेल. खालच्या दोन फळ्यांवर शहरातल्या मराठी संस्थांचे अहवाल होते : पतपेढ्या, वाचनालये, भगिनी मंडळे, गणेशोत्सव. कोणा दात्याच्या संग्रहातून ते आलेले. ग्रंथपालबाई माझ्याहून वयाने लहान होत्या. त्या म्हणाल्या, ‘सर, हे दुसरीकडे मिळणार नाहीत. निदान याविषयी वेगळा शेरा लिहू या का?’ मी म्हटले, ‘बाई, हे वाङ्मय नव्हे.’ आणि सही केली.

बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी एवढेच केले की निर्लेखनाच्या यादीत ‘किरकोळ अहवाल, एक गठ्ठा’ असे न लिहिता प्रत्येक अहवालाचे नाव, संस्था, वर्ष आणि पृष्ठसंख्या स्वतंत्र ओळीत लिहिली. ती बावीस पाने झाली. मला प्रत्येक पानावर सही करावी लागली, आणि मी त्याबद्दल कुरकुरलो होतो.

मी निवृत्त झाल्यावर समाजशास्त्राची एक संशोधक विद्यार्थिनी माझ्या घरी आली. महाराष्ट्रातून येथे आलेल्या मराठी कुटुंबांनी शहरात पाय कसे रोवले, पहिली खोली, पहिले कर्ज, पहिली नोकरी कोणाच्या ओळखीने मिळवली, हा तिचा विषय. राजाश्रयाने आलेली घराणी सर्वांना माहीत आहेत. तिला हवे होते ते गिरणीत, रेल्वेत, छापखान्यात कामाला आलेले लोक. ती म्हणाली, ‘गणपतीच्या वर्गणीदारांच्या याद्या कुठे मिळतील, सर? त्यांत नाव, पोळ आणि रक्कम असते. दहा वर्षांच्या याद्या शेजारी ठेवल्या की कोण कधी आले, कोणत्या पोळीत राहिले, कोण वर चढले आणि कोण निघून गेले ते दिसते.’ पतपेढीच्या अहवालात जामीनदारांची नावे छापत, तीही तिला हवी होती. ती बोलत होती आणि मला त्या खालच्या दोन फळ्या दिसत होत्या.

मी तिला खरे ते सांगितले. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन त्या महाविद्यालयात गेलो. अहवाल अर्थातच नव्हते. यादी होती. बावीस पाने, प्रत्येकावर माझी सही. काय काय होते ते त्यावरून नेमके कळत होते. कोणत्या वर्षी कोणती संस्था चालू होती, कोणाचा अहवाल किती पानांवरून किती पानांवर आला, हेही. तिने यादी उतरवून घेतली. बाईंनी सांगूनही मी लिहू दिला नव्हता तो शेरा एका अर्थाने त्यांनी लिहूनच ठेवला होता. मी त्यांना नंतर पत्र पाठवले. त्यांचे उत्तर सौजन्याचे होते, आणि त्यात त्या प्रसंगाचा उल्लेख नव्हता.

ती यादी घेऊन आम्ही या शाळेत आलो. पाचवे कपाट तेव्हा जिन्याखाली हलवलेले होते आणि त्याची किल्ली सापडायला दोन दिवस लागले. आत वाळवी लागली होती. काही गठ्ठे हात लावताच सुटले. पण यादीतले काही अहवाल सरांच्या दोऱ्यात शिवलेले शाबूत मिळाले, आणि यादीत नसलेलेही काही निघाले. तिच्या प्रबंधातले एक संपूर्ण प्रकरण या कपाटावर उभे आहे. ऋणनिर्देशात सरांचे नाव आहे, आणि तेथे अर्धी ओळ नाही, पूर्ण परिच्छेद आहे.

आज ग्रंथालयांचे रूप पालटले आहे. २००९ च्या नियमांनंतर विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगा’वर येऊ लागले. ते चालवणारे इन्फ्लिबनेट केंद्र आपल्याच गांधीनगरात आहे, आणि आज तेथे लाखो प्रबंध घरबसल्या पाहता येतात. पूर्वी एका प्रबंधासाठी आम्ही रात्रीच्या गाडीने पुण्या-मुंबईस जात असू. हा फायदा मोठाच आहे, आणि म्हाताऱ्याने त्याबद्दल नाक मुरडू नये. तरी दोन गोष्टी दिसतात. जुन्या टंकांत तयार झालेला किंवा नुसता छायाचित्ररूप असलेला मराठी प्रबंध तेथे असतो, पण त्यातला शब्द शोधायला गेले तर सापडत नाही. म्हणजे तो पाचव्या कपाटातच आहे, फक्त कपाट काचेचे झाले. आणि २०१८ च्या नियमांनी साम्याची टक्केवारी मोजणे आले : दहा टक्क्यांपर्यंत माफ, पुढे पायरीपायरीने शिक्षा. उचलेगिरीला आळा हवाच. पण मार्गदर्शक आता ‘नवे काय सापडले?’ हे विचारण्याआधी ‘टक्के किती आले?’ असे विचारतात. जो विद्यार्थी वर्गणीदारांच्या याद्या शोधत वाळवीच्या कपाटात हात घालतो त्याचे टक्के आपोआपच कमी येतात, कारण तेथे त्याच्याआधी कोणी गेलेलेच नसते.

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वस्त्यांपुढचा प्रश्न थोडा अधिक अवघड आहे. गायकवाडी दप्तराचा मोठा भाग मोडीत आहे. मोडी वाचणारे कमी, आणि मोडी वाचून गुजरातीत लिहू शकणारे त्याहून कमी. आपल्या संस्थांचे अहवाल महाराष्ट्रातील ग्रंथालयांना परगावचे वाटतात आणि येथल्या ग्रंथालयांना परभाषेचे. ते ठेवायचे तर आपल्यालाच ठेवावे लागतील. त्यासाठी फार पैसा लागत नाही. एक कोरडी खोली, एक दाखलनोंदवही आणि आठवड्यातून दोन दिवस तासभर बसणारा एक माणूस पुरतो. माजी विद्यार्थी मंडळात निवृत्त मंडळी किती आहेत हे मी समोर पाहतोच आहे. आपापल्या घरी वडिलांच्या ट्रंकेत ज्या स्मरणिका, पतपेढीची पासबुके, मंडळाची इतिवृत्ते पडून असतील ती येत्या दिवाळीच्या साफसफाईत बाहेर काढण्याआधी एकदा येथे दाखवावीत.

मुख्याध्यापिकाबाईंनी पाचवे कपाट जिन्याखालून पुन्हा ग्रंथालयात आणले आहे, आणि चिठ्ठीवरचे सरांचे अक्षर तसेच ठेवले आहे, याबद्दल त्यांचे आभार मानतो. त्या बावीस पानांची एक प्रत मी सोबत आणली आहे. ती त्यांच्याकडे देतो. तिला दाखल क्रमांक द्यावा आणि ‘संकीर्ण’मध्ये ठेवावी. माझ्या सह्या पुसू नयेत.